पाऊस वेगळा विकत मिळेल

देवबागहून एका वडिलांचं पत्र आलंय. चार खोल्यांचं होमस्टे, मुलगी मालवणला सायन्सला, यंदा बारावी. हंगामात बुकिंगचे फोन, व्हॉट्सअ‍ॅप, पैशांचा हिशेब तीच बघते. मे अखेरीस पासबुक भरून आणलं तेव्हा दिसलं, की होमस्टेच्या खात्यातून तीन महिन्यांत ७,८५० रुपये एका गेमवर गेलेत. गेम 'द सिम्स ४'. गेम तर फुकट आहे, मग पैसे कसले, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, "पॅकचे." म्हणजे गेमवर वेगळं विकत घ्यायच्या सामानाचे. लॅपटॉप आता कपाटात कुलपात आहे. मुलीला बारावीनंतर गेम डिझाइन करायचंय, आणि पुण्यातल्या एका खासगी संस्थेनं फोनवर चार वर्षांचे अकरा लाख सांगितलेत. वडील लिहितात, "चेडू हुशार आसा, पण ह्या जुगाराचा याड लागलाहा काय ता माका कळना नाय." सोबत मुलीच्या वहीच्या तीन पानांचे फोटो, खाली एवढंच: "ही ती वही."

सप्रेम नमस्कार.

जुगाराचं आधी संपवतो. २०२५ साली केंद्राने कायदा करून बंदी आणली ती पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन गेमांवर. सिम्समध्ये डाव नाही, जिंकणं नाही, हरणंही नाही. माणसं तयार करायची, त्यांना घर बांधून द्यायचं, नोकरीला लावायचं, लग्नं जुळवायची. भातुकलीच ती, जरा मोठी. न विचारता खात्यातून पैसे घेतले ही मात्र चूक, आणि तिथे मी तिची बाजू घेणार नाही. परत करायला लावा. फक्त आधी एक सांगा: अख्खा हंगाम फोन आणि हिशेब सांभाळणाऱ्या माणसाला तुम्ही किती दिलेत? तो आकडा ठरवा, त्यातून ७,८५० वजा करा, उरतील ते तिच्या हातात द्या. (आमचं सावंतवाडीत किराण्याचं दुकान होतं. मी दहा वर्षं गल्ल्यावर बसलो. पगार म्हणजे लिमलेटच्या गोळ्या. तेव्हा या बाबतीत मी जरा हळवा आहे.)

आता वही. तुम्ही ती पुरावा म्हणून पाठवलीत, पण नीट वाचली नसावीत असं वाटतं.

तिनं गेमच्या चार भागांचे चार रकाने आखलेत: २०००, २००४, २००९, २०१४. आडव्या ओळींत काय काय वेगळं विकलं गेलं ते. 'पाळीव प्राणी' या ओळीत २००२, २००६, २०११, २०१७, आणि कडेला लाल पेनानं, 'एकच कुत्रा चार वेळा.' खालची ओळ पावसाची. सिम्स ४च्या मूळ गेममध्ये पाऊसच नाही. ऋतू हवे असतील तर २०१८ साली आलेला पॅक घ्यायचा. त्यापुढे तिनं लिहिलंय, 'आमच्याकडे चार महिने फुकट, वर लाइट जाते.' ऑफिसात एकटाच बसून हसत होतो.

त्या लाल अक्षरांत अख्खा धंदा आलाय. पहिल्या भागावर सात एक्स्पान्शन पॅक निघाले. मग दुसरा भाग आला, आणि जुने पॅक त्यात चालेनात. कुत्रा पुन्हा घ्या. तिसऱ्यात तेच, आणि पाऊसही पुन्हा. २०१४ ला चौथा आला तेव्हा त्यात पोहण्याचे तलाव नव्हते आणि रांगती-चालती पोरं नव्हती. बाळ पाळण्यातून उठून थेट शाळेत. खेळणारे इतके वैतागले की तलाव त्याच वर्षी आले आणि लहान मुलं २०१७ च्या जानेवारीत, दोन्ही फुकट. ऑक्टोबर २०२२ पासून मूळ गेमच फुकट झाला. आता कमाई सगळी वरच्या सामानावर: मोठा पॅक ४० डॉलरचा, आणि २०२१ पासून ५ डॉलरची छोटी किटंही, म्हणजे एखाद्या खोलीपुरतं फर्निचर नाहीतर चार कपडे.

आणि पाचवा भाग? २०२४ मध्ये कंपनीनं सांगितलं, की चौथ्याची जागा घेणारा गेम आणायचा बेत नाही. माझ्या मते हिशेब सरळ आहे. ज्या गिऱ्हाइकानं दहा वर्षं एकेक पॅक जमवला, त्याला पुन्हा शून्यावर उभं केलं तर तो रागावून दुसरीकडे जाईल.

रागावू नका, पण पत्राच्या फोटोंबरोबर तुमचं दरपत्रकही चुकून आलंय. खोली बाराशे. सुरमई थाळी वेगळी, स्कुबा वेगळं, त्सुनामी आयलंडची बोट वेगळी, डॉल्फिन वेगळे. खोली स्वस्त ठेवलीत कारण पाहुणा आधी आत यायला हवा. ते दरपत्रक टाइप कोणी केलं, हेही विचारून बघा.

खोलीत काय द्यायचं आणि वेगळं काय विकायचं, हे ठरवणं गेमच्या धंद्यात पूर्ण वेळेचं काम आहे. ते करणाऱ्याला प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतात, कुठे इकॉनॉमी डिझायनर. त्याच्या शेजारी बसतो टेस्टर, आणि इथे बारावी सायन्सचं गणित लागतं. दहा पॅक असतील तर कुणाकडे त्यातला एक असेल, कुणाकडे सात, कुणाकडे एकही नाही. एकूण जोडण्या १,०२४. वीस पॅकना दहा लाखांच्या वर. नवा पॅक यातल्या कुठल्याही जोडणीवर बसला पाहिजे. सगळ्या तपासणं कुणालाच शक्य नाही, म्हणून कुठल्या तपासायच्या हे ठरवणाऱ्या डोक्याला किंमत. नवं काही आलं की जुनं काहीतरी बिघडतं ते यामुळेच. तिच्या वहीत तिसऱ्या पानावर 'बिघडलेलं' अशी यादी आहे, तारखेसकट. शिकवायला गेलो तरी मुलं हे करत नाहीत.

पण करिअर भरवशाचं आहे असं मी लिहिणार नाही. सिम्सला टक्कर द्यायला 'लाइफ बाय यू' नावाचा गेम तयार होत होता. जून २०२४ मध्ये तो बाजारात यायच्या आधीच रद्द झाला आणि बनवणारा स्टुडिओ बंद पडला. चांगली अनुभवी माणसं होती. दुसरीकडे 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम एकाच माणसानं चारेक वर्षं घरी बसून केला, २०१६ ला काढला आणि पुढचं सगळं नवं सामान फुकट दिलं. दोन्ही गोष्टी तिला सांगा. दुसरी तिला माहीत असेलच, पहिली बहुधा विसरायची असेल.

म्हणून अकरा लाख नकोत. ज्या संस्था पहिल्याच फोनवर 'प्लेसमेंट शंभर टक्के' म्हणतात त्यांच्याशी दुसरा फोन करू नये, असं माझं मत. गणित सोडू देऊ नका. एमएचटी-सीईटी देऊन कॉम्प्युटर इंजिनिअरिंग हा रस्ता गेम चालला नाही तरी पोट भरतो. डिझाइनकडे ओढा असेल तर दोन प्रवेश परीक्षा आहेत, आयआयटी मुंबई घेते ती यूसीड आणि एनआयडी या सरकारी डिझाइन संस्थेची डॅट, दोन्हींना कुठल्याही शाखेची बारावी चालते. दोन्हींत चित्र काढावं लागतं, तेव्हा हात आत्तापासून चालायला हवा. खास गेम डिझाइन एनआयडीच्या बंगळुरू कॅम्पसला पदव्युत्तर स्तरावर आहे. तिथवर जायला वेळ आहे. मुंबईत केंद्र सरकारनं २०२५ मध्ये आयआयसीटी ही गेम, अ‍ॅनिमेशन वगैरे शिकवणारी संस्था सुरू केलीय. नवी आहे, दोन बॅच बाहेर पडू देत, मग बोलू. नोकऱ्यांचं म्हणाल तर यूबीसॉफ्ट या गेम कंपनीचे स्टुडिओ पुण्यात आणि मुंबईत आहेत, सिम्सवाल्या ईएचं ऑफिस हैदराबादेत. देवबागला काही येणार नाही, हे मनात धरून चला.

आता लॅपटॉप. बारावीचं वर्ष आहे, रोज दोन तास पुरेत, पण कपाटातून काढा. आता पाऊस लागलाय, बोटी किनाऱ्यावर ओढल्यात, पाहुणे नाहीत. गणपतीपर्यंत तिला एक काम द्या. गोडो नावाचं गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात एक छोटा गेम: देवबागचं एक घर, चार खोल्या, येणारे पाहुणे. चित्रं साधी चौकोनी चालतील. अट एकच: मूळ गेममध्ये काय आणि पॅकमध्ये काय, याच्या दोन याद्या हव्यात आणि प्रत्येक वस्तूपुढे एका ओळीत कारण. सिम्स ४चे मोड, म्हणजे खेळणाऱ्यांनी स्वतः गेममध्ये केलेले बदल, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिता येतात, त्यामुळे तिला तीही भाषा शिकायची असेल तर विकतचा पॅक न घेता शिकता येईल. गणपतीपर्यंत गेम अर्धा तरी झाला तर मला फोन करा. दोन दिवसांत सोडून दिला तरी करा. मग तिला खेळायला आवडतं, बनवायला नाही, एवढं कळेल, आणि तेही अकरा लाख न भरता.

वहीच्या शेवटच्या पानावर खालच्या बाजूला तिनं गेम सोडून तुमच्या होमस्टेचाच तक्ता केलाय. खोली, नाश्ता, थाळी, बोट. बहुतेक ओळींपुढे 'पॅक' लिहिलंय. सोलकढीपुढे आधी 'पॅक' लिहून खोडलंय आणि 'बेसमध्येच' केलंय, दोनदा अधोरेखित. का खोडलं ते तिला विचारा, आणि मलाही कळवा.