उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी रंग ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकला सोडली, हे खरं आहे का?

हो, खरं आहे. मुंबईच्या जे. जे. या कलाशाळेत शिकताना त्यांना रंगांधळेपण असल्याचं कळलं. रंगकाम सुटलं, यांत्रिक ड्रॉइंग, म्हणजे यंत्रांचे आराखडे काढणं, मात्र सुटलं नाही. तेच पुढे त्यांनी व्हीजेटीआय या मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवलं. बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून बेळगावात सायकलींचं दुकान थाटलं.

खरी गंमत त्यांनी पुढे बनवलेल्या लोखंडी नांगराची. लोखंडानं जमीन नासते, असं शेतकरी म्हणत. नांगर दोन वर्षं तसेच पडून होते! मग १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी कारखान्यासाठी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं. निवडुंग आणि साप, एवढंच होतं तिथे. तिथेच किर्लोस्करवाडी ही कारखान्याची वसाहत उभी राहिली. वसाहतीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती, आणि रात्रीच्या पहाऱ्यावर त्यांनी चक्क तुरुंगातून सुटलेली माणसं नेमली.