वाचकांचे प्रश्न: दुबईत घर घेताय? आधी खात्याचा नंबर मागा

पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत शनिवार-रविवारी दुबईच्या बिल्डरांची प्रदर्शनं भरतात आणि पाठोपाठ आमच्याकडे पत्रं येतात. त्यातले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. रकमा दिरहॅममध्ये आहेत. जिथे रुपये केले आहेत तिथे हिशेबापुरता एका दिरहॅमला 24 रुपये असा दर धरला आहे.

प्रश्न : जुमेरा व्हिलेज सर्कलमध्ये वन बीएचके, किंमत 12 लाख दिरहॅम. बांधकाम चालू असताना 40 टक्के आणि ताब्याच्या वेळी 60 टक्के अशी योजना आहे. प्रदर्शनातच क्रेडिट कार्डाने टोकन भरा, नाहीतर भाव वाढेल, असं एजंट म्हणतो. काय तपासावं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : कार्ड आधी खिशात ठेवा. घर घेणं हा भांडवली व्यवहार आहे आणि भारतात राहणाऱ्याला तो क्रेडिट कार्डाने करायची मुभा नाही. टोकन छोटं असलं तरी नियम तोच.

आता तपासणी. दुबई लँड डिपार्टमेंटचं ‘दुबई रेस्ट’ नावाचं मोफत अॅप आहे. त्यात प्रकल्पाचं नाव टाकलं की नोंदणी क्रमांक, बिल्डर, बांधकामाची टक्केवारी आणि एस्क्रो खात्याची माहिती दिसते. टक्केवारी इथलीच खरी मानावी, सेल्समनची नव्हे. एजंटचा रेरा (दुबईची स्थावर मालमत्ता नियामक संस्था) कार्ड क्रमांकही तिथेच तपासता येतो, आणि प्रत्येक जाहिरातीवर परवाना क्रमांक असावाच लागतो. तो नसलेलं माहितीपत्रक हातात आलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आहे ते एस्क्रो खातं. 2007 च्या कायदा क्रमांक 8 नुसार बांधकाम चालू असलेल्या इमारतीसाठी ग्राहकाने दिलेला पैसा त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यातच जमा व्हावा लागतो. काम जसं पुढे सरकतं तसा तो बिल्डरला मिळतो, आणि काम संपल्यावरही 5 टक्के रक्कम वर्षभर राखून ठेवली जाते. बिल्डरच्या इतर धनकोंना या खात्यावर जप्ती आणता येत नाही. म्हणून पैसे पाठवताना खात्याचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. ‘आमच्या कंपनीच्या खात्यात टाका, आम्ही वळते करतो’ असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबा. मात्र एस्क्रोने पैसा दुसरीकडे वळत नाही इतकंच. इमारत वेळेवर उभी राहील याची हमी त्यात नसते.

करारानंतर ‘ओकूद’ म्हणजे तात्पुरत्या नोंदवहीतली नोंद मिळवा. 2008 च्या कायदा क्रमांक 13 प्रमाणे ही नोंद नसेल तर विक्रीच रद्दबातल ठरते. नोंदणी शुल्क किमतीच्या 4 टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत 48,000. कागदोपत्री ते निम्मं-निम्मं असलं तरी प्रत्यक्षात बहुतेक वेळा सगळं ग्राहकच भरतो.

आता जे प्रदर्शनात कुणी सांगत नाही ते. हप्ते थांबले तर लँड डिपार्टमेंटमार्फत 30 दिवसांची नोटीस येते. त्यानंतर काम सुरू झालेलं पण 60 टक्क्यांच्या आत असेल तर बिल्डर करार मोडून किमतीच्या 25 टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवून घेऊ शकतो. काम 60 टक्क्यांच्या पुढे गेलं असेल तर 40 टक्क्यांपर्यंत. ही टक्केवारी तुम्ही भरलेल्या रकमेची नाही, पूर्ण किमतीची आहे. तुम्ही 20 टक्के, म्हणजे 2,40,000 भरले असतील आणि काम 60 टक्क्यांच्या आत असेल, तर बिल्डरची कमाल मर्यादा 3,00,000 होते. परत काहीच येणार नाही.

क्षेत्रफळही पाहून घ्या. जाहिरातीतल्या आकड्यात बहुधा बाल्कनी धरलेली असते, त्यामुळे तो आकडा आपल्याकडच्या रेरा कार्पेटशी ताडू नका. आतलं आणि बाल्कनीचं माप वेगवेगळं लिहून मागा. प्रत्यक्षात 5 टक्क्यांपेक्षा जास्त कमी भरलं तरच भरपाई मिळते.

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको भारतातच नोकरी करतो. पैसे कायदेशीर मार्गाने कसे पाठवायचे? ओळखीतला एक जण म्हणतो, इथे रुपये द्या, तिथे दिरहॅम मिळतील.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ओळखीतल्या त्या माणसाला नमस्कार करा आणि विषय बदला. हा व्यवहार म्हणजे हवाला आहे. फेमाखाली, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली, गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि तेवढ्या किमतीची भारतातली मालमत्ताही जप्त होऊ शकते.

सरळ वाट रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत रेमिटन्स योजनेची, म्हणजे एलआरएसची. माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. दिरहॅम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे, म्हणून ही मर्यादा सुमारे 9,18,000 दिरहॅम होते. बँकेत ए-2 फॉर्म आणि पॅन द्यायचा, कारण ‘परदेशातील स्थावर मालमत्ता’ असंच लिहायचं. ‘कुटुंबाचा खर्च’ लिहून पाठवलेला पैसा पुढे घरात सापडला की खुलासा करताना घाम फुटतो.

एका वर्षात 10 लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापते (ही 10 लाखांची मर्यादा 1 एप्रिल 2025 पासूनची, आधी ती 7 लाख होती). समजा, घर 12 लाख दिरहॅमचं आहे आणि पहिल्या वर्षी 20 टक्के हप्ता अधिक 4 टक्के शुल्क द्यायचं आहे: 2,88,000 दिरहॅम, म्हणजे 69,12,000 रुपये. एकट्याने पाठवले तर टीसीएस 11,82,400. दोघांनी निम्मे-निम्मे पाठवले तर प्रत्येकी 4,91,200, एकूण 9,82,400. हा कर बुडत नाही, विवरणपत्रात वजा होतो किंवा परत मिळतो. पण तोवर तेवढी रोकड अडकते आणि हप्त्याची तारीख थांबत नाही. दोघांनी पाठवायचं असेल तर करारात आणि ओकूदमध्ये दोघांची नावं हवीत.

ताबा घेतल्यावर दोन-तीन वर्षं हप्ते देत राहायची योजना भारतात राहणाऱ्यांनी टाळावी असं आमचं स्पष्ट मत आहे. घर तुमचं झालं आणि पैसे बाकी, म्हणजे ते परदेशी उधारी मानलं जाण्याचा धोका. दुबईतल्या बँकेचं गृहकर्जही याच कारणासाठी नको.

पुढे दर वर्षी विवरणपत्रातल्या ‘शेड्यूल एफए’मध्ये ही मालमत्ता दाखवायची. तिथे कॅलेंडर वर्ष चालतं, जानेवारी ते डिसेंबर. अनेक सीएसुद्धा इथे एप्रिल-मार्च धरून चुकतात. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली 10 लाख रुपये दंड आहे. दुबईत भाड्यावर व्यक्तीला आयकर नाही हे खरं, पण भारतात निवासी असणाऱ्याला ते भाडं इथे करपात्रच आहे.

प्रश्न : ‘हमखास 8 टक्के परतावा’ असं सांगतात. खरा किती?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : त्याच 12 लाखांच्या घरावर मांडून पाहू. क्षेत्रफळ 750 चौरस फूट आणि भाडं वर्षाला 75,000 धरा. ढोबळ परतावा सव्वासहा टक्के. आता वजाबाकी. सर्व्हिस चार्ज, म्हणजे आपल्या सोसायटीचा मेंटेनन्स, चौरस फुटाला 15 धरला तर 11,250. घर सांभाळणाऱ्या कंपनीचे 5 टक्के, 3,750. भाडेकरू बदलताना एक महिना रिकामा, 6,250. उरले 53,750. गुंतवणूक शुल्कासह 12,48,000, म्हणजे परतावा 4.3 टक्के, तोही भारतातला कर भरण्याआधी.

यातला सर्व्हिस चार्ज फसवा असतो. तरणतलाव, जिम आणि चकचकीत लॉबी जितकी मोठी तितका तो चढतो, आणि नव्या इमारतीत बिल्डरने सांगितलेला आकडा निव्वळ अंदाज असतो. मंजूर दर लँड डिपार्टमेंटच्या ‘मुल्लक’ व्यवस्थेत ठरतात. शेजारच्या, त्याच बिल्डरच्या तयार इमारतीचा दर तिथे पाहा. दुसरा प्रश्न विचारा तो ‘चिलर’चा. बऱ्याच भागांत एसीचं थंड पाणी एका मध्यवर्ती केंद्रातून येतं. त्याचं बिल दोन भागांत असतं: वापराचं आणि क्षमतेचं. क्षमतेचं बिल घर कुलूपबंद असलं तरी चालू राहतं.

भाडं मनाला येईल तसं वाढवता येत नाही. 2013 च्या आदेश क्रमांक 43 नुसार चालू भाडं बाजारभावापेक्षा 10 टक्क्यांपर्यंतच कमी असेल तर वाढ शून्य. त्यापुढे टप्प्याटप्प्याने 5, 10, 15 आणि जास्तीत जास्त 20 टक्के. वाढीची सूचना करार संपण्याच्या 90 दिवस आधी द्यावी लागते. घर विकायचं किंवा स्वतः राहायचं म्हणून भाडेकरूला उठवायचं, तर नोटरीमार्फत किंवा नोंदणीकृत टपालाने 12 महिन्यांची नोटीस.

प्रश्न : सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, दुबईत साइटवर नोकरी करायची आहे. वाळूवर एवढे मनोरे उभे कसे राहतात? आणि एवढी वाळू असून बांधकामाला खडी-वाळू बाहेरून का आणतात?
— एक विद्यार्थी, कराड

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. वाळवंटातली वाळू वाऱ्याने घासून गोल आणि एकसारखी बारीक झालेली असते. काँक्रीटला कोनदार, लहान-मोठ्या आकारांचे कण लागतात. म्हणून फुजैरा आणि रास अल खैमा या दुसऱ्या अमिरातींच्या डोंगरांतल्या खाणींमधला दगड फोडून वापरतात.

मनोरे वाळूवर उभे नसतात. वाळूच्या थराखाली मऊ खडक लागतो, त्यात पाइल, म्हणजे काँक्रीटचे खांब, खोल नेतात आणि भार मुख्यतः पाइलच्या बाजूच्या घर्षणावर पेलला जातो. 828 मीटर उंच बुर्ज खलिफाखाली दीड मीटर व्यासाचे, सुमारे 43 मीटर लांबीचे 190 हून अधिक पाइल आहेत आणि त्यावर 3.7 मीटर जाडीचा राफ्ट, म्हणजे पायाचा सलग स्लॅब.

खरा शत्रू पाणी. ‘वाळवंटात पाणी कुठलं’ असं वाटेल, पण किनाऱ्याजवळ दोन-तीन मीटर खणलं की भूजल लागतं, आणि ते समुद्राहून खारं असतं. बुर्ज खलिफाच्या जागेवर क्लोराइड 4.5 टक्क्यांपर्यंत आणि सल्फेट 0.6 टक्क्यांपर्यंत मोजलं गेलं. क्लोराइड सळई गंजवतं, सल्फेट सिमेंटच खातं. म्हणून पायाच्या काँक्रीटमध्ये स्लॅग, फ्लाय अॅश किंवा मायक्रोसिलिका अशा बारीक भुकट्या मिसळतात, पाण्याचं प्रमाण कमी ठेवतात, कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, जास्त देतात आणि बाहेरून मेंब्रेनचं वॉटरप्रूफिंग करतात. मेंब्रेनचा एक जोड सुटला की तळघराच्या भिंतीवर मिठाचे पांढरे ओघळ दिसतात. तोवर सळई गंजायला सुरुवात झालेली असते.

खोदकाम चालू असताना पंप सतत चालवून भूजलपातळी खाली ठेवावी लागते. आणि हे पंप कधी बंद करायचे, हा नवख्यांचा ठरलेला घोटाळा. वर पुरेसे मजले चढण्याआधी बंद केले तर खालून येणारा पाण्याचा दाब रिकाम्या तळघराला होडीसारखं उचलू पाहतो, राफ्टला तडे जातात. डिझाइनरने लेखी दिल्याशिवाय पंपाला हात लावू नये.

उन्हाळ्यात ओतकाम रात्री. मिश्रणाच्या पाण्यात बर्फ घालून ओतताना काँक्रीटचं तापमान साधारण 32 ते 35 अंशांच्या आत ठेवतात. ट्रक वाहतुकीत अडकला की स्लंप, म्हणजे काँक्रीटचा पातळपणा, उतरतो, आणि मग कुणीतरी हळूच पाणी घालायला सांगतं. ते होऊ देऊ नका, ट्रक परत पाठवा. कोरड्या वाऱ्याने पृष्ठभागाचं पाणी उडालं की तासाभरात केसासारख्या भेगा पडतात; फिनिशिंग होताच प्लास्टिक अंथरा आणि त्यावर ओलं गोणपाट. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12.30 ते 3 उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे. वेळापत्रक आखताना हे अडीच तास आधीच वजा करा.

प्रश्न : नव्या वसाहतीत तळमजल्यावर गाळा घेऊन मिसळ-वडापाव सुरू करायचा विचार आहे.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गाळा ‘शेल अँड कोअर’ मिळतो, म्हणजे उघडं काँक्रीट; फरशी, छत, वायरिंग सगळं तुमचं. सही करण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: मंजूर वीजभार किती किलोवॅट, गच्चीपर्यंत जाणारा स्वयंपाकघराच्या धुराड्याचा डक्ट आहे का, ग्रीस ट्रॅपची (सांडपाण्यातलं तेल अडवणाऱ्या टाकीची) जागा कुठे, आणि गॅसची परवानगी. डक्ट नसेल तर तळण नाही, आणि तळण नाही म्हणजे वडा नाही. कटाचा ठसका बाजूलाच राहिला.

नकाशे महानगरपालिकेच्या अन्नसुरक्षा विभागाकडून आणि सिव्हिल डिफेन्सकडून, म्हणजे अग्निसुरक्षा पाहणाऱ्या खात्याकडून, मंजूर होईपर्यंत काम सुरू करता येत नाही. त्यासाठी किमान दोन-तीन महिने बिनभाड्याचे मागून घ्या. व्यापारी भाड्यावर आणि गाळ्याच्या विक्रीवर 5 टक्के व्हॅट लागतो, निवासी भाड्यावर नाही. आणि संध्याकाळी सात वाजता वसाहतीत जाऊन किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. ताबा दिलेली घरं आणि राहती घरं यांत नव्या वसाहतीत मोठं अंतर असतं.

प्रश्न : कोणत्या भागात भाव वाढतील? आणि गोल्डन व्हिसा?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : भाकीत करत नाही. 2008-09 मध्ये भाव निम्म्यावर आले होते, हे लक्षात असू द्या. मेट्रोची ब्लू लाइन 30 किलोमीटरची, 14 स्थानकांची असून 2029 चं लक्ष्य आहे. अल मक्तूम विमानतळाच्या 128 अब्ज दिरहॅमच्या विस्तारामुळे दुबई साउथकडे बिल्डर वळले आहेत. मात्र ‘स्थानकापासून पाच मिनिटं’ हे मोटारीने की पायी, ते विचारा. जुलैत पायी पाच मिनिटंही पुष्कळ होतात. गोल्डन व्हिसा, म्हणजे दीर्घ मुदतीचा निवास परवाना, 20 लाख दिरहॅमच्या मालमत्तेवर, 10 वर्षांचा.

प्रश्न : पुढच्या महिन्यात ताबा आहे. जाऊन काय पाहू?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दिवसभर काढा. पोचल्याबरोबर सगळे एसी लावा आणि दोन तास चालू ठेवा. घामाच्या पाण्याच्या नळीला उतार नसेल तर छतावर डाग तेवढ्यात उमटतो. बाथरूममध्ये पाणी तुंबवून 24 तास ठेवा आणि खालच्या घराचं छत पाहा. बाल्कनीत बादली ओता: पाणी जाळीकडे गेलं पाहिजे, दाराकडे नाही. 16 एप्रिल 2024 च्या पावसात अनेक घरांत पाणी शिरलं. पाऊस क्वचित म्हणून उताराकडे दुर्लक्ष होतं. खिडक्यांचं रबर दाबून बघा, नाहीतर बारीक धूळ आत येत राहते.

दोषांची यादी फोटोंसह ईमेलने द्या आणि ती दुरुस्त होईपर्यंत ताबापत्रावर ‘तक्रार नाही’ असं लिहून देऊ नका. 2019 च्या कायदा क्रमांक 6 प्रमाणे एसी, नळ, वीज यांतले दोष एक वर्ष आणि बांधकामाच्या सांगाड्याचे दोष 10 वर्षं बिल्डरने निस्तरायचे असतात. एसीची दुसरी तपासणी ऑगस्टमध्ये, वर्ष संपायच्या आत करून घ्या. जानेवारीत बिघडलेला एसीही चांगलाच वाटतो.