बॅले शिकणाऱ्या मुलीचे बेसिक्स किती तयार आहेत हे आम्हा पालकांना कसं कळणार?

तुम्ही लिहिलंय की मुलगी 11 वर्षांची आहे, काही वर्षं शिकतेय, पाय पार कानापर्यंत जातो, आता पॉइंट शूज (बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचायचे कडक टोकाचे बूट) मागतेय आणि तुम्हाला यातलं काही कळत नाही. मी लहान मुलांना बॅले शिकवते, पालक हे नेहमी विचारतात, आणि मी त्यांना आधी हेच सांगते की पाय किती वर जातो ते बघणं काही दिवस सोडून द्या. अंगात लवचिकपणा काहींच्या जन्मतःच असतो, तयारी वेगळी.

तयारी दिसते ती प्लिए, म्हणजे गुडघे वाकवणं, आणि तांद्यू, म्हणजे पाय जमिनीवर घासत लांब ताणणं, या दोन्हींत. तिला फर्स्ट पोझिशनमध्ये उभं करा, टाचा जुळलेल्या आणि पंजे बाहेर, आणि सावकाश गुडघे वाकवायला सांगा, टाचा न उचलता. तुम्ही समोर जमिनीवर बसून फक्त गुडघे बघा. गुडघा पंजाच्या बोटांच्या रेषेत जातोय की आत पडतोय? आत पडत असेल तर टर्नआउट, म्हणजे पाय बाहेरच्या बाजूला फिरवणं, खुब्यातून येत नाहीये, पाय नुसते जमिनीवर ओढूनताणून फिरवलेत. काही मुली तर आधी गुडघे वाकवतात, पंजे हवे तेवढे फिरवून घेतात आणि मग पाय सरळ करतात, दिसायला एकदम 180 अंश पण सगळा ताण गुडघ्यावर आणि घोट्यावर, आणि अंगठ्याकडची कमान खाली बसलेली. अशा वेळी मी कोन कमी करायला लावते, मुलं नाराज होतात पण चालतं.

मग तांद्यू. पाय जमिनीवर घासत पुढे जातो, आधी टाच सुटते, मग चवडा, शेवटी बोटांची टोकं राहतात. हे बऱ्याच जणींना जमतं, परत येताना मात्र गडबड होते, पाय चवड्यावरून न येता बोटं आवळून ओढला जातो. एक सोपी टेस्ट सांगते, पाय पुढे ताणलेला असतानाच तो जमिनीपासून दोन बोटं उचलायला सांगा. बाकीचं अंग अजिबात हललं नाही तर वजन खरंच उभ्या पायावर होतं. अंग मागे गेलं किंवा कंबर एका बाजूला चढली तर ती पुढच्या पायावर रेललेली होती. हलणाऱ्या पायापेक्षा उभा पाय जास्त बोलतो, माझं लक्ष तरी सगळं तिथेच असतं.

यात वेळ जातोच. सेंट पीटर्सबर्गच्या वागानोवा या बॅले शिकवण्याच्या पद्धतीत पहिल्या वर्षाची मुलं दोन्ही हातांनी बार (आधाराचा आडवा दांडा) धरून, तोंड बारकडे करून हेच सगळं अगदी संथ लयीत करतात.

पिरुएटचे, म्हणजे एका पायावरच्या गिरक्यांचे, आकडे मोजू नका, एकच फिरू दे, पण शेवटी थांबता येतंय का, की पडता पडता पाय टेकवला ते बघा.

पॉइंट शूजचं म्हणाल तर वयावरून ठरवू नका. डान्सर्सना तपासणारे डॉक्टर आणि फिजिओ एक टेस्ट घेतात, एका पायावर सलग 16 उड्या, हवेत गुडघा सरळ आणि पंजा ताणलेला, कंबर सपाट, उतरताना आधी बोटं मग चवडा मग टाच आणि गुडघा बोटांच्या रेषेत. निदान 8 नीट यायला हव्यात. उतरताना धपधप आवाज येत असेल तर आत्ता शूज नकोच, मी तरी देणार नाही. घरी बघून अंदाज घ्या पण निर्णय टीचर आणि फिजिओवर सोडा.

आणि एक, वर्ल्ड बॅले डे म्हणून 2014 पासून मोठ्या कंपन्या आपले रोजचे क्लास ऑनलाइन दाखवतात, लंडनच्या रॉयल बॅलेचे यूट्यूबवर आहेत. त्यातला सुरुवातीचा बारचा भाग दोघी मिळून बघा, मोठे मोठे स्टार्ससुद्धा प्लिएपासूनच सुरू करतात, आणि तिथे उभ्या पायाकडे बघायची सवय लागली की मुलीच्या क्लासमध्येही तुम्हाला फरक दिसायला लागेल.