१९ कामगार आहेत, विसावा माणूस घेताना पीएफ टाळायला दुसरी फर्म काढावी का?

नाशिकच्या अंबडला छोटं युनिट, मस्टरवर (हजेरीपटावर) १९ माणसं, विसावा माणूस आला की पीएफ-पेन्शन लागू होणार, म्हणून बायकोच्या नावाने दुसरी फर्म काढू का आणि नाही काढली तर बोजा किती, असं तुम्ही विचारलंय.

नका काढू. आम्ही काढली होती.

आमचं पॉवर प्रेसचं काम, शेड अंबडलाच. २०१५ ला माणसं वाढली तेव्हा दादाने वहिनींच्या नावाने दुसरी फर्म उघडली. काही माणसं इकडे, काही तिकडे, म्हणजे दोन्हीकडे वीसच्या आत. शेड एक, मीटर एक, गेट एक, चहावाल्याचं खातंसुद्धा एकच. मी तेव्हाच बोललो होतो, पण धाकट्याचं कोण ऐकतं.

त्याच वर्षी एक मिस्त्री आमच्याकडे लागले. डाय सेटिंगला (प्रेसवर साचा बसवायला) तसा हात मी पुन्हा पाहिला नाही. आधी सातपूरच्या एका कंपनीत ७ वर्षं होते, ती बंद पडली. पीएफ त्यांनी काढला नव्हता. २०२१ ला ५८ पूर्ण झाली आणि पेन्शनचा फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी आले. पेन्शनला १० वर्षं लागतात, कागदावर होती ७. आमच्याकडची ६ कुठेच नव्हती. दादा म्हणाला, "सातचे एकरकमी मिळतील की!" मिस्त्री काही बोलले नाहीत. फॉर्म घडी करून खिशात ठेवला आणि डाय बसवायला गेले.

तक्रार त्यांच्या मुलाने केली. पीएफचे अधिकारी आले, वीजबिल आणि दोन्ही मस्टर मागितली, चौकशी लागली, दोन्ही फर्म एकच धरल्या. ६ वर्षांचा मालकाचा हिस्सा तर आलाच, कामगारांचा हिस्साही आमच्याच खिशातून गेला, कारण मागचा हिस्सा आजच्या पगारातून कापता येत नाही. हे आमच्या कन्सल्टंटनेही कधी सांगितलं नव्हतं. वर सालाना १२ टक्के व्याज, शिवाय दंड. मखमलाबादचा प्लॉट गेला. मिस्त्रींना पेन्शन सुरू झाली, महिना १,९०० च्या आसपास.

"एकोणीसशे रुपड्यांसाठी प्लॉट घालवला," असं दादा अजून दर दिवाळीला ऐकवतो. अरे, प्लॉट मिस्त्रींनी नाही घालवला, तुझ्या दुसऱ्या फर्मने घालवला.

बोजा म्हणाल तर १५,००० पगारावर मालकाचे १२ टक्के, विम्याचा अर्धा टक्का, प्रशासनाचा अर्धा टक्का, म्हणजे माणशी महिना १,९५० रुपये. १२ पैकी ८.३३ पेन्शनला जातात, उरलेले पीएफला. तेवढं रेटमध्ये धरा. काम देणारी पार्टी कुरकुर करेल, पार्टी नेहमीच कुरकुर करते. आणि ठेकेदाराची माणसंही मोजा, कदाचित तुम्ही आत्ताच वीसच्या वर असाल. एकदा लागू झाल्यावर पुन्हा १९ वर आलात तरी सुटका नाही.

दादाचं सगळंच चूक नाही, हेही लिहितो. बिलं ९० दिवसांनी निघतात आणि पीएफ मात्र पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचा. एक दिवस उशीर झाला तरी कामगाराकडून कापलेला हिस्सा इन्कम टॅक्सला खर्च म्हणून धरता येणार नाही, असा निकालच २०२२ ला सुप्रीम कोर्टाने दिला होता. पेन्शनही तुटपुंजी, किमान रक्कम २०१४ पासून १,००० रुपये. पोरं स्वतःच म्हणतात, "शेठ, कापू नका, हातात द्या." पण नोकरीत असताना माणूस गेला तर १० वर्षांची अट नाही, एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी बायकोला पेन्शन लागते. हातात दिलेल्या पैशांतून हे होत नाही.

मिस्त्रींच्या मुलाकडे ६ वर्षांच्या हजेरीकार्डांच्या झेरॉक्स कुठून आल्या, हे दादाला अजून उमगलेलं नाही. त्या मीच काढून दिल्या होत्या, पवननगरच्या एका दुकानातून. आता हे वाचून कळलं तर कळलं.