वाचक विचारतात : बॅलेचा टूटू आखूड कसा झाला?

प्रश्न : बॅलेच्या छायाचित्रांत काही नर्तकींचा पांढरा झगा पोटरीपर्यंत आलेला दिसतो, तर काहींचा कमरेपासून थेट आडवा, ताटलीसारखा पसरलेला असतो. दोन्हींना टूटूच म्हणतात. हा फरक कशामुळे पडला? आणि आडवा झगा खाली का पडत नाही? — एक वाचक, सांगली

उत्तर : आपण पाहिलेले दोन्ही झगे निरनिराळ्या काळांतले आहेत आणि त्यांच्यामध्ये अर्ध्या शतकाहून अधिक अंतर आहे. हा पोशाख आखूड होत गेला तो प्रामुख्याने नर्तकीचे पाय अधिकाधिक अवघड कामे करू लागले आणि ती प्रेक्षकांना दिसावीत असे तिला वाटू लागले म्हणून.

पॅरिसच्या ऑपेरात व्यावसायिक नर्तकी रंगमंचावर आल्या १६८१ मध्ये. त्यापूर्वी तेथे स्त्रियांच्या भूमिका मुखवटे लावून पुरुषच करीत. या पहिल्या नर्तकींचा पोशाख दरबारी स्त्रियांचाच होता : जमिनीपर्यंत पोहोचणारा जड घागरा, घट्ट आवळलेली कंबर आणि टाचांचे बूट. अशा घागऱ्याखाली पावले काय करीत आहेत हे कोणालाच दिसत नसे, त्यामुळे उड्या आणि गिरक्या हा पुरुषांचाच प्रांत राहिला. १७२६ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर आलेल्या मारी कामार्गोने घागरा घोट्याच्या वर घेतला. उडी घेऊन हवेतल्या हवेत पावलांची जलद अदलाबदल करण्यात ती तरबेज होती आणि ते कसब झाकून ठेवणे तिला मान्य नव्हते. टूटूच्या इतिहासात तिचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. परंतु तिची समकालीन मारी साले हिने १७३४ मध्ये लंडनला घागरा फुगवून धरणारा आतला सांगाडा पूर्ण काढून टाकून साध्या मलमलीच्या झग्यात नृत्य केले, ते आमच्या मते अधिक धाडसाचे होते.

आपण पाहिलेला लांब झगा १२ मार्च १८३२ रोजी पॅरिसमध्ये प्रथम झालेल्या ‘ला सिल्फीड’ या बॅलेमुळे रूढ झाला. त्यात मारी तालिओनी वनातल्या परीच्या भूमिकेत होती. घट्ट चोळी आणि तिच्याखाली मलमलीच्या अनेक थरांचा, घंटेच्या आकाराचा पांढरा झगा असे तिच्या पोशाखाचे स्वरूप होते आणि त्याच्या आरेखनाचे श्रेय सामान्यतः चित्रकार यूजेन लामी यांना दिले जाते. तालिओनी पायांच्या अंगठ्यांवर तोल सांभाळत नाचत असे आणि हा केवळ कसरतीचा प्रकार न राहता भूमिकेचाच भाग वाटावा, इतके तिने त्यावर प्रभुत्व मिळवले होते. साहजिकच तिची पावले उघडी दिसणे आवश्यक होते. ऑपेरात १८२२ पासून गॅसचे दिवे आलेले होते. त्या मंद प्रकाशात पांढरा झिरझिरीत घेर धुक्यासारखा भासे. १८४१ मधल्या ‘जिझेल’च्या दुसऱ्या अंकात तर याच पोशाखातल्या नर्तकींचा सबंध मेळाच रंगमंचावर येतो. या लांब प्रकाराला रोमँटिक टूटू म्हणतात.

आडवा टूटू मात्र इटालियन नर्तकींनी घडवला असे म्हणावे लागेल. १८८० नंतर इटलीत तयार झालेल्या नर्तकी अधिक मजबूत बूट आणि त्याहून मजबूत तंत्र घेऊन रशियात पोहोचल्या. व्हर्जिनिया झुक्की हिने १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये तेथील रिवाजापेक्षा आखूड झग्याचा आग्रह धरला. पुढे १८९५ मध्ये ‘स्वान लेक’मध्ये पिएरिना लेन्यानी हिने एका पायावर उभे राहून सलग ३२ ‘फुएते’ घेतले. फुएतेत दुसरा पाय चाबकासारखा बाजूला फेकून गिरकीला वेग दिला जातो आणि हा पाय जवळजवळ कमरेच्या उंचीला येतो. पोटरीपर्यंतच्या झग्यात तो अडखळेल आणि अडखळला नाही तरी दिसणार नाही. यावरून झगा गुडघ्याच्या वर का गेला हे लक्षात यावे. तो पूर्ण आडवा व्हायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. आडवा टूटू एकसंध झगा नसतो. आत चड्डी असते आणि तिच्यावर जाळीच्या पट्ट्या दाट चुण्या घालून एकाखाली एक शिवलेल्या असतात. असे दहा-बारा थर असतात. सर्वांत वरचा सर्वांत रुंद आणि खाली येताना प्रत्येक थर अधिक आखूड. खालचे आखूड, ताठ थर वरच्यांना उचलून धरतात. बऱ्याच टूटूंमध्ये मधल्या एका थरात पातळ पोलादी तारेची कडीही ओवलेली असते. सगळे थर शेवटी सैल टाक्यांनी एकमेकांत गुंतवतात. टाका आवळला गेला तर घेर दबतो आणि फार सैल राहिला तर थर फिसकटतात, त्यामुळे शिवणाऱ्याचा हात येथे कळून येतो. पूर्वी यासाठी खळ दिलेले सुती कापड वापरीत, दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनची जाळी आली. न वापरताना टूटू उलटा टांगतात, म्हणजे थर मिटत नाहीत.

तारेची एक अडचण होती. नर्तकीने जोडीदाराला टेकताच कडी एकसंध कलंडते आणि मागची बाजू वर उठते. शिवाय रंगमंचावर गर्दी असली की टूटू एकमेकांवर आपटतात. म्हणून १९५० मध्ये वेशभूषाकार बार्बरा कारिन्स्का यांनी न्यूयॉर्कमध्ये नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलंशीन यांच्या ‘सिंफनी इन सी’ या बॅलेसाठी तारेविना, सहा-सात थरांचा, किंचित खाली झुकणारा मऊ टूटू तयार केला. तो आज अमेरिकेत सर्रास दिसतो.

प्रश्न : पूर्वी नर्तकी टूटूला आग लागून मरत असत, हे खरे आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : दुर्दैवाने खरे आहे. खळ दिलेल्या सुती जाळीचे थर, थरांमध्ये खेळती हवा आणि कडेला गॅसच्या उघड्या ज्योती, इतके आगीला पुरेसे होते. लंडनच्या ड्ररी लेन नाट्यगृहात डिसेंबर १८४४ मध्ये क्लॅरा वेब्स्टर रंगमंचावरच भाजली आणि तिचा मृत्यू झाला. त्याहून परिचित घटना एमा लिव्ह्रीची आहे. ती तालिओनीची लाडकी शिष्या. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी पॅरिसमध्ये तालमीच्या वेळी झगा चुरगळू नये म्हणून तिने तो वर उचलून झटकला आणि तो ज्योतीवर गेला. आठ महिने यातना भोगून ती वारली. तेव्हा ती अवघी २० वर्षांची होती. कापड रासायनिक द्रावणात बुडवून ते सहजासहजी पेट घेणार नाही असे करण्याची पद्धत त्या वेळी उपलब्ध होती, पण त्यामुळे झगा कडक आणि मळकट दिसे, म्हणून लिव्ह्रीने तो घालण्यास लेखी नकार दिला होता. तिला दोष देणे सोपे आहे. परंतु जिचे सारे नाव हलकेपणावर उभे आहे तिला कडक झग्यात उभे करायचे आणि उघड्या ज्योती मात्र जागच्या जागी ठेवायच्या, ही व्यवस्थाच मुळात विचित्र होती. १८८१ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात विजेचे दिवे आले आणि हळूहळू इतरत्रही गॅस मागे पडला, तेव्हा हा धोका खऱ्या अर्थाने ओसरला.

प्रश्न : मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी टूटू घरी करता येईल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : खरा आडवा टूटू घरी जमणे कठीण आहे. कमरेच्या मापाच्या इलॅस्टिकला जाळीच्या पट्ट्या दुहेरी करून गाठी मारत गेल्यास छान फुगीर झगा होतो. तो खाली झुकेल, पण लहान मुलीला तोच सोयीचा. पट्ट्या जितक्या जवळ जवळ बांधाल तितका घेर भरेल. मात्र नायलॉनची जाळी उष्णतेने वितळून अंगाला चिकटते, तेव्हा दीपप्रज्वलनाच्या समईजवळ मुलीला उभे करू नये.