ग्रामपंचायतींना थेट निधी आणि अधिकार देऊन खरंच काही फरक पडतो का?

पडतो की. पण अधिकार दिलाय कुठे नीट? मी एक टर्म सरपंच होते (मीच, मिस्टर नाही. हे आधीच सांगते, नाहीतर पहिली कमेंट तीच येते).

कागदावर 73व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून पंचायतींकडे सोपवायच्या 29 विषयांची यादी आहे. आणि आमच्याकडे काय झालं? जूनमध्ये शाळेच्या दोन खोल्या गळायला लागल्या, पत्रे पार सडलेले, पोरं व्हरांड्यात. खात्यात पैसे होते, पण केंद्राच्या 15व्या वित्त आयोगाचे 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी-स्वच्छता सोडून कशाला हात लावायचा नाही. अबंधितमधून करावं तर काम गावाच्या वर्षाच्या आराखड्यात नाही, मग पुरवणी आराखडा, ग्रामसभा, एस्टिमेट, तांत्रिक मान्यता, आणि त्या जेईकडे (ज्युनिअर इंजिनिअर) निम्मा तालुका, तो येणार कधी. हे सगळं झालं तरी पेमेंटला माझा आणि ग्रामसेवकाचा दोघांचाही डिजिटल सहीचा डोंगल लागतो, ग्रामसेवक तीन गावांना एक, तो आला की वेबसाईट बंद. पत्रे बसले दिवाळीनंतर. तोवर गावातल्या तरुण पोरांनी वर्गणी काढून ताडपत्री टाकली आणि बोलणी मी खाल्ली.

आमचे धाकटे दीर पुण्यात असतात. दर गणपतीला एकच पालुपद, "वहिनी, सरपंचाच्या हातात पैसा दिला की दारात बोलेरो येते." अहो भावजी, 2015 च्या आधी हा वित्त आयोगाचा पैसा वरून झिरपत यायचा, तेव्हा काय कुणी खात नव्हतं? निदान आता गावाला कळतं किती आले, ऑनलाइन दिसतं.

हां, सगळं गोड नाही. ग्रामसभेला गणपूर्ती होत नाही, बऱ्याच गावांत बाईच्या नावावर नवराच कारभार करतो, आणि घरपट्टी वसूल करायला कुठलाच सरपंच धजत नाही, मतं जातात ना. स्वतःचं उत्पन्न नाही म्हटल्यावर वरच्यांपुढे हात पसरणं आलंच. आदिवासी भागातल्या पेसा गावांचं (तिथे ग्रामसभेला जास्त अधिकार देणारा वेगळा कायदा आहे) गणित वेगळं, ते मला विचारू नका.

पण भावजींना एवढंच विचारते, पुण्यात मार्च 2022 नंतर तीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हते, सगळं प्रशासकाच्या हातात. तेव्हा तुमच्या सोसायटीपुढचं ड्रेनेज तुंबलं तर कुणाच्या दारात जाऊन भांडलात? माझ्या दारात तर लोक सकाळी चहाच्या आधी उभे असायचे.