दात सरळ करायचेत: एफडी मोडू की ईएमआय घेऊ?

प्रश्न (डोंबिवली, वय २६, हातात पगार ३४,०००): माझे वरचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेत. एका दवाखान्यात पारदर्शक अलाइनरचे (दातांवर चढवायचे, काढता-घालता येणारे साचे) १,६०,००० सांगितले, १८ महिने ‘नो कॉस्ट’ ईएमआय. रोख दिले तर १,४८,०००. दुसरीकडे सहा दातांना व्हिनिअर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायची पातळ चकती), ७२,०००, दोन आठवड्यांत काम. ऑर्थोडॉन्टिस्टकडे (दात सरळ करणारे तज्ज्ञ) धातूच्या तारा ४८,०००. आधी १२,०००, मग १८ महिने दोन-दोन हजार. बचत म्हणाल तर दोन लाखांची एफडी. आई म्हणते, आता या वयात कशाला?

उत्तर: आईंना सांगा, हिरड्या आणि हाड निरोगी असेल तर तारांना वयाची अट नाही. एफडीला मात्र हात लावू नका. नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं, तर तुमच्याकडे तेवढीच आहे.

आता तो ‘नो कॉस्ट’ ईएमआय. रोखीवर १२,००० सूट मिळते, म्हणजे तेच व्याज. हप्ता ८,८८९ चा. दर काढला तर वर्षाला साधारण १० टक्के पडतो. प्रोसेसिंग फी असेल तर ती वर. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. पण मला व्याजापेक्षा दुसरंच खटकतं. फायनान्स कंपनी दवाखान्याला पैसे सुरुवातीलाच देऊन मोकळी होते. दात दीड वर्ष सरकत राहणार. मध्येच तुमची बदली झाली, दवाखान्याला कुलूप लागलं, तरी हप्ता काही थांबत नाही. बांधकामाच्या कंत्राटदाराला पाया खणतानाच सगळे पैसे देतं का कुणी? तारांचे दोन हजार कामाबरोबर जातात, आणि तेही बिनव्याजी.

व्हिनिअर अलाइनरपेक्षा स्वस्त वाटतात, पण त्यासाठी सहसा दाताचं वरचं कवच थोडं घासतात आणि ते परत येत नाही. दहा-पंधरा वर्षांनी ते बदलावे लागतात. म्हणजे चाळिशीच्या आसपास पुन्हा खर्च, तोही तेव्हाच्या भावानं. टवका उडालेल्या किंवा डागाळलेल्या दाताला ठीक. तुमचे दात आत वाकडे ते वाकडेच राहतील.

म्हणून पहिला खर्च निदानाचा. ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतर दात सरळ करण्याच्या शाखेत तीन वर्षांचं एमडीएस केलेला डॉक्टर. ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे) आणि बाजूनं काढलेला एक्स-रे पाहून तो सांगेल, दोष दातांचा की जबड्याचा, जागेसाठी दाढ काढावी लागेल का. अलाइनरवाल्यांनाही विचारा, आखणी नेमकं कोण करतंय? अलाइनर दिवसातले २०-२२ तास घालावे लागतात, दर चहाला काढायचे. हे जमेल का, ते तुम्हीच ठरवा.

आरोग्य विमा याचे पैसे सहसा देत नाही, प्राप्तिकरातल्या आरोग्य विम्याच्या वजावटीतही हा खर्च बसत नाही. आणखी वाचवायचे असतील तर सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय पाहा. तिथे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली पदव्युत्तर विद्यार्थी काम करतात. पैसे कमी, पण दर खेपेला रजा टाकावी लागेल.

सही करण्याआधी ४८,००० मध्ये रिटेनर (तारा निघाल्यावर दात जागी धरून ठेवणारं साधन) धरलाय का, तो मोडला तर नवा कितीला आणि ब्रॅकेट (तार अडकवायला दातावर चिकटवलेला तुकडा) निघाल्यास वेगळे पैसे लागतील का, हे लिहून घ्या. तारा निघाल्यावर रिटेनर घातला नाही तर दात पुन्हा जुन्या जागी सरकू लागतात.